स्पिरिटच्या दिव्याची हरवलेली उष्णता

तांब्याच्या डब्यात 100 ग्रॅम पाणी, खाली इथेनॉलचा, म्हणजे स्पिरिटमधल्या अल्कोहोलचा दिवा, पाण्याचे तापमान किती चढले त्याची नोंद, पेटवण्याआधी आणि विझवल्यावर दिव्याचे वजन. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांतला हा नेहमीचा प्रयोग. इथेनॉलची ज्वलनउष्णता, म्हणजे ते पूर्ण जळताना निघणारी उष्णता, पुस्तकात प्रतिमोल 1367 किलोज्यूल असते. हाती बऱ्याचदा निम्मीही लागत नाही. मग वहीत एक ओळ येते: ‘उष्णता हवेत गेली.’ चूक नाही, पण आळशी उत्तर आहे. त्या ओळीखालच्या चुका सुट्या करायला रसायनशास्त्राला दीडशे वर्षे लागली.

1783 साली लॅव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पॅरिसमध्ये उष्णता मोजली ती बर्फ वितळवून. वितळलेले पाणी तोलायचे. पण त्यातले थोडे बर्फाच्या तुकड्यांतच अडकून राही.

रम्फर्डने 1812च्या सुमारास ज्वालेवरचे तप्त वायू पाण्यात बुडवलेल्या वळणदार नळीतून नेले. शिवाय पाणी खोलीच्या तापमानापेक्षा जितके अंश गार घ्यायचे, तितकेच अंश वर गेले की थांबायचे. पहिल्या अर्ध्यात हवेकडून आलेली उष्णता दुसऱ्या अर्ध्यातली गळती भरून काढते. फुकटातली ही युक्ती शाळांत फारशी दिसत नाही, याचे नवल वाटते.

अपुऱ्या ज्वलनाचा हिशेब फाव्र आणि सिल्बरमान यांनी मांडला. 1852च्या त्यांच्या कामात बाहेर पडणाऱ्या वायूंतला कार्बन मोनॉक्साइडही मोजलेला आहे. डब्याच्या बुडाची काजळी म्हणजे न जळलेला कार्बन, ती डोळ्यांना दिसते तरी; हा वायू दिसतही नाही. बर्थेलोने 1881मध्ये दाबाखालच्या ऑक्सिजनने भरलेले बंद भांडेच वापरले आणि ज्वलन पुरे केले.

उरला प्रश्न वजनाचा. वातीवरून उडून गेलेले अल्कोहोल तराजूला जळालेलेच वाटते, अल्कोहोलमधले पाणीही इंधनात धरले जाते. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉसिनीने तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तोलून नेमके किती अल्कोहोल जळाले ते काढले.

या साऱ्या चुका शाळेतला आकडा खालीच ओढतात, त्यामुळे प्रयोग पुन्हा पुन्हा करून सरासरी काढण्यात अर्थ नाही. त्यात 1367 हा आकडा ज्वलनात तयार झालेले पाणी द्रवरूप धरून काढलेला आहे. उघड्या ज्वालेतून ते बहुतांशी वाफ होऊन निघून जाते. एका मोल इथेनॉलमागे तीन मोल पाणी, दर मोल वाफेबरोबर 44 किलोज्यूल निघून जातात. म्हणजे काजळी नाही, वारा नाही, तरी हाती लागणार 1235च्या आसपासच.