काळा फोन आपला कधी झाला?

घरातला फोन घरच्यांचा नसायचा. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतात असंच चालायचं आणि त्याचं कोणाला नवलही वाटत नसे. यंत्र डाक-तार खात्याचं, तार खात्याची, भिंतीवरचं रोझेट म्हणजे तार जोडायची डबीही खात्याची. आपण फक्त भाडं भरायचं. डायल अडकली, रिसीव्हरची वायर तुटली, तर १९८ला तक्रार नोंदवायची आणि लाइनमनची वाट बघायची. स्क्रू ड्रायव्हर घेऊन फोन उघडणं हा खात्याच्या मालमत्तेशी केलेला खेळ ठरायचा. ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची एक योजना होती खरी, पण नावातली मालकी नावातच राहिली. आगाऊ भरलेल्या रकमेच्या बदल्यात रांगेत पुढचा नंबर मिळायचा. यंत्र खातंच बसवायचं आणि खातंच दुरुस्त करायचं.

आज जुने फोन गोळा करणारे, ते साफसूफ करून घरात चालवणारे लोक पुण्या-मुंबईत भेटतात. त्यांच्या छंदामागचा इतिहास या भाड्याच्या व्यवहारातूनच समजतो. ज्या मक्तेदारीला आपण इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिच्यामुळेच हे फोन पन्नास-साठ वर्षांनी चालू होण्याच्या लायकीचे राहिले.

सुरुवात मात्र खासगी कंपनीने झाली. टेलिफोनचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला मिळालं १८७६मध्ये. १८८१मध्ये इंग्लंडच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला हिंदुस्थानात एक्स्चेंज काढायचा परवाना मिळाला आणि २८ जानेवारी १८८२ला कलकत्त्याचं एक्स्चेंज उघडलं. मुंबई आणि मद्रासलाही त्याच सुमारास सेवा सुरू झाली. गिऱ्हाईक म्हणजे पेढ्या, गिरण्या, जहाज कंपन्या आणि सरकारी बंगले. मुंबईचा टेलिफोन सरकारने ताब्यात घेतला तो १९४३मध्ये, म्हणजे साठ वर्षं तो कंपनीच्याच हातात होता.

त्या काळातले फोन म्हणजे लाकडी पेटी, वर दोन घंटा आणि बाजूला हँडल. हँडल फिरवलं की आतल्या मॅग्नेटोतून, म्हणजे हाताने फिरवायच्या चिमुकल्या जनित्रातून, विजेचा झटका तारेवर जायचा आणि एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरच्या फळ्यावरची पट्टी पडायची. बोलण्यासाठी लागणारी वीज पेटीतल्याच बॅटऱ्या पुरवायच्या. संग्रहाला नव्याने लागलेले लोक या मॅग्नेटो फोनला हात लावायला बिचकतात, कारण तो आजच्या लाइनला जोडता येत नाही. पण घरातल्या घरात चालवायला याच्याइतका सोपा फोन दुसरा नाही. दोन चालू मॅग्नेटो फोन, प्रत्येकात दोन साधे सेल आणि मध्ये तारेची एक जोडी, एवढं पुरतं. एकाचं हँडल फिरवलं की दुसऱ्याची घंटा वाजते. वाड्याच्या दिंडीपासून माडीपर्यंत असा इंटरकॉम टाकता येतो आणि त्याला कोणत्याही कंपनीचं बिल येत नाही.

डायल आली ती अल्मन स्ट्रॉजर या अमेरिकन माणसामुळे. हा कॅन्सस सिटीतला अंत्यसंस्कारांचा व्यावसायिक. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रॉजरची गिऱ्हाइकं ती नवऱ्याकडे वळवायची, म्हणून त्याने ऑपरेटरच नको अशी यंत्रणा काढली, असं सांगतात. किस्सा कितपत खरा ते असो. १८९१चं पेटंट आणि १८९२मध्ये इंडियानातल्या ला पोर्ट गावात सुरू झालेलं एक्स्चेंज या पक्क्या गोष्टी आहेत. भारतातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला, १९१३-१४मध्ये, सातशे लाइनींचं. मुंबई-कलकत्ता सोडून सिमला का, तर उन्हाळ्यात सरकारच तिथे मुक्कामाला असे.

डायलचं काम एकदा समजलं की जुन्या फोनची निम्मी दुरुस्ती समजते. बोट घालून चकती फिरवताना काहीच होत नाही, फक्त आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. खरं काम चकती परत येताना होतं. तेव्हा लाइन ठरावीक वेगाने तुटते आणि जुळते, सेकंदाला दहा वेळा. ३ फिरवला तर तीन वेळा, ९ला नऊ वेळा, शून्याला दहा वेळा. स्ट्रॉजर एक्स्चेंजमध्ये या प्रत्येक ठोक्याला एक लोखंडी दांडा एकेक पायरी वर चढायचा, मग आडवा फिरायचा. परतीचा वेग सारखा राहावा म्हणून डायलच्या पोटात एक चिमुकला गव्हर्नर असतो. गर्रर्र असा जो आवाज येतो तो त्याचाच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फोनमध्ये तिथलं ग्रीस वाळतं, डायल रेंगाळत परत येते आणि नंबर चुकीचा लागतो. माणसं वैतागून चकती बोटाने मागे ढकलतात, त्याने आणखी बिघडतं. घड्याळाच्या तेलाचा एक थेंब बहुतेक वेळा पुरतो.

डायलच्या भोकात घातलेलं छोटं कुलूप अनेकांनी पाहिलं असेल. शेजारीपाजारी फोन करायला यायचे, व्हिजिटिंग कार्डावर दुसऱ्याच्या घरचा नंबर ‘पी.पी.’ लिहून छापला जायचा आणि बिल यजमानाच्या नावावर चढायचं, म्हणून कुलूप. पण लाइन तोडणं-जोडणं हेच डायलिंग असेल तर त्याला डायल कशाला हवी? रिसीव्हर ठेवायचा खटका बोटाने भरभर दाबला की तेच होतं. चार टकटक म्हणजे ४, थोडं थांबून सात टकटक म्हणजे ७. कुलपाच्या नाकावर टिच्चून अख्खा नंबर लावणारी पोरं चाळीत आणि वाड्यात असायचीच. आजही डायल बिघडलेल्या फोनची लाइन तपासायला हाच उपाय सगळ्यात झटपट.

आपल्या डोळ्यांसमोर ‘जुना फोन’ म्हणून जो काळा, जड, उतरत्या खांद्यांचा फोन येतो त्याचं घराणं नॉर्वेचं. १९३१च्या सुमारास जाँ हाइबर्ग या नॉर्वेजियन कलाकाराने एरिक्सन कंपनीसाठी बेकलाइट या जुन्या, कडक प्लास्टिकच्या फोनचा आकार घडवला. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने त्याच्यावर बेतून तीनशे क्रमांकाची मालिका काढली. तिच्यातल्या अनेक फोनना तळाशी नंबर लिहून ठेवायच्या कार्डाचा छोटा खण असतो. स्वातंत्र्यानंतर, १९४८मध्ये, बंगळुरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजे आयटीआय उभी राहिली ती लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीशी करार करून. त्यामुळे आपल्याकडे एक्स्चेंज स्ट्रॉजरचं आणि फोन ब्रिटिश वळणाचा असं जोडीने आलं. स्वातंत्र्याच्या वेळी देशभरात फोन होते सुमारे ऐंशी हजार.

आता टिकाऊपणाविषयी. फोन भाड्याने द्यायचा, दुरुस्त स्वतःच्या खर्चाने करायचा आणि वीस-तीस वर्षं त्याच्यावर भाडं घ्यायचं, असा धंदा असेल तर फोन तकलादू करून चालत नाही. प्रत्येक बिघाड म्हणजे कंपनीच्या माणसाची एक फेरी. म्हणून आतल्या तारा सोल्डरवर न सोडता स्क्रूखाली दाबलेल्या, रिसीव्हरची तोंडं हाताने फिरवून निघणारी, घंटेच्या वाट्या पितळी किंवा पोलादी. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या ‘बेल सिस्टीम’ या टेलिफोन जाळ्याने याचं टोक गाठलं होतं. तिथे फोनवर ‘बेल सिस्टीमची मालमत्ता, विक्रीसाठी नाही’ असं कोरलेलं असायचं. शेजारच्याला बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून बोलण्याच्या तोंडाला बसवायची एक साधी वाटी, ‘हश-अ-फोन’ नावाची, कोणीतरी विकायला काढली, तर एटी अँड टी तिच्याविरुद्ध उभी राहिली. १९५६मध्ये अपील न्यायालयाने वाटीच्या बाजूने कौल दिला. १९६८च्या कार्टरफोन निर्णयाने परकी यंत्रं लाइनला जोडायची वाट खुली झाली आणि १९८४मध्ये बेल सिस्टीमच फुटली. भाड्याने घेतलेले फोन विकत घेण्याची मुभा त्या सुमारास अमेरिकन घरांना मिळाली. माझ्या मते फोनसंग्रहाचा छंद जगभर फोफावला तो या मोकळीकीनंतर; त्याआधी संग्राहकाच्या कपाटातल्या कित्येक वस्तू कायद्याने त्याच्या नव्हत्याच.

आपल्याकडचा बदलही त्याच वर्षांतला. १९८४मध्ये सरकारने टेलिफोन यंत्रं बनवायला खासगी कारखान्यांना परवानगी दिली. सुनील मित्तलांच्या भारतीने सीमेन्सशी करार करून बीटेल फोन आणले. बटणांचे, रंगीत, हलके, रीडायलवाले. त्याच वर्षी देशी एक्स्चेंज घडवण्यासाठी सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, १९८५मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले, १९८६मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी आली. एक्स्चेंज एकामागून एक इलेक्ट्रॉनिक होत गेली. बटणवाला फोन प्रतिष्ठेचा झाला आणि काळा फोन कळकट दिसू लागला. लोकांनी तो खात्याला परत दिला किंवा माळ्यावर टाकला.

खात्याकडे परत गेलेल्या फोनचं पुढे काय झालं? मोडीत काढलेला माल लिलावात निघायचा आणि भंगारवाल्याला त्यातलं तांबं-पितळ हवं असायचं. बेकलाइट वितळत नाही, पुन्हा साच्यात घालता येत नाही. भंगाराच्या हिशेबात त्याला शून्य किंमत. तेव्हा कवच फोडायचं, कॉइल काढायची. म्हणून आज अखंड कवच मिळणं ही नशिबाची गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला जे फोन दिसतात त्यांत एकाचं कवच, दुसऱ्याची डायल आणि तिसऱ्याचा रिसीव्हर अशी मोट बांधलेली असते. त्यात वावगं काही नाही, खात्याच्या वर्कशॉपमध्येही सुटे भाग असेच अदलाबदल होत. फसवणूक वेगळीच आहे. चकचकीत पितळेचे, नक्षीदार, ‘राजेशाही’ फोन बहुधा अलीकडे बनवलेले असतात. तळाची पट्टी उघडली की आत हिरवं सर्किट बोर्ड दिसतं आणि डायलच्या भोकांखाली बटणं. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त जुन्याची किंमत देऊ नका.

बेकलाइट ओळखायची गावठी रीत म्हणजे अंगठ्याने जोरात घासून वास घेणं. गरम झालेला भाग औषधी, फिनॉलसारखा वास देतो. नंतरच्या प्लास्टिकला तो येत नाही. उन्हात राहिलेलं काळं बेकलाइट तपकिरी पडतं, वरचा थर खडबडीत होतो. पितळ घासायच्या पॉलिशने चिकाटीने घासलं तर बरीच चमक परत येते. पाण्यात भिजवून मात्र ठेवू नये. आत लाकडाचा भुसा असतो, उघड्या पडलेल्या जागी तो पाणी धरतो.

परदेशातून कोणी फोन आणून देत असेल तर डायलवरचे आकडे नीट बघावेत. न्यूझीलंडच्या डायलवर आकडे उलट्या क्रमाने असतात आणि स्वीडनमध्ये शून्याला एकच ठोका पडायचा. असा फोन आपल्याकडे वाजतो, बोलतो, पण नंबर भलताच लावतो.

घरात हा फोन वापरायचा तर अडचण फोनमध्ये नसते, लाइनमध्ये असते. तांब्याच्या जुन्या लाइनवर पन्नासेक व्होल्टचा डीसी कायम असतो. बोलण्याच्या तोंडातले कार्बनचे कण त्याच्यावरच चालतात. आवाज बारीक येत असेल तर रिसीव्हर हलकेच टेबलाच्या कडेवर ठोका. घट्ट बसलेले कण सुटे होतात. घंटा वाजवायला एक्स्चेंज पाऊणशे व्होल्टच्या पुढचा एसी पाठवतं, तेव्हा फोन जोडताना तारेला बोट लागलं आणि त्याच क्षणी कोणाचा फोन आला तर सणसणीत झटका बसतो.

पण तांब्याची लाइन आता किती घरांत उरली आहे? फायबरच्या कनेक्शनबरोबर येणाऱ्या डब्याला फोनचं भोक असतं. त्यात काळा फोन जोडला की फोन येतात, घंटा वाजते, बोलताही येतं. लावता मात्र येत नाही, कारण बऱ्याच डब्यांना ठोके मोजायला शिकवलेलंच नसतं. त्यांना १९६३मध्ये अमेरिकेत आलेली बटणांची दुहेरी सुरांची भाषा तेवढी कळते. त्यावर उपाय म्हणजे ठोक्यांचे सूर करणारा छोटा कन्व्हर्टर, किंवा पल्स डायलिंग म्हणजे ही ठोक्यांची भाषा ओळखणारा इंटरनेट फोनचा अडॅप्टर. ब्लूटूथने मोबाइलशी जोडणारी यंत्रंही मिळतात. मोबाइलवर आलेला फोन मग काळ्या फोनच्या घंटेवर वाजतो. परदेशातले काही छांदिष्ट तर घरात जुनी स्ट्रॉजर एक्स्चेंज मांडून ती इंटरनेटवरून एकमेकांना जोडतात आणि आपसांत खासगी नंबर लावून बोलतात.

दुसरी अडचण ताकदीची. जुन्या घंटेच्या दोन कॉइल बरीच वीज खातात. खात्याच्या लाइनवर तीन-चार फोन समांतर वाजायचे, फायबरचा डबा एकच कसाबसा वाजवतो. बाकीच्या फोनच्या घंटेची तार सोडून ठेवायची, बोलायला ते चालतात.

ब्रिटनमध्ये जुनं तांब्याचं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. आपल्याकडे अशी एकच एक तारीख नाही, पण तांब्याच्या जोड्या काढून फायबर टाकायचं काम गल्लोगल्ली चालू आहे. घरात जुना फोन असेल तर कनेक्शन बदलायला आलेल्या माणसाला दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: नवा डबा पल्स डायलिंग घेतो का आणि जुनी लँडलाइन तशीच ठेवता येते का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला बहुधा ठाऊक नसतं. तेव्हा तो असतानाच फोन जोडून एक नंबर फिरवून बघावा.