रूळ जोडणारा वेल्डर व्हायचंय? मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीचा अर्ज आणि त्यापुढची वाट

थर्मिट वेल्डिंगमध्ये रुळांच्या दोन टोकांत साधारण २५ मिमी फट ठेवतात, टोकं तापवतात आणि अ‍ॅल्युमिनियम व लोहऑक्साइडच्या अभिक्रियेतून तयार झालेलं वितळलेलं पोलाद साच्यात ओततात. हे काम रेल्वेत आयटीआयच्या प्रमाणपत्रावर करू देत नाहीत. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र लागतं. उत्तर रेल्वेचा लखनऊचा थर्मिट पोर्टेबल प्लांट या प्रशिक्षणासाठी ओळखला जातो. पण रेल्वेत पाय ठेवायचा तर वेल्डर ट्रेडच्या मुलांसाठी पहिली सरळ वाट अप्रेंटिसशिपची आहे.

मध्य रेल्वेचा भरती कक्ष अप्रेंटिस कायदा, १९६१ खाली जाहिरात काढतो. मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर असे पाच क्लस्टर, म्हणजे जागांचे भागवार गट असतात. वय १५ ते २४. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं, ओबीसींना ३ वर्षं, दिव्यांगांना १० वर्षं सवलत. वय कोणत्या तारखेला मोजणार, ते जाहिरातीत दिलेलं असतं. दहावीला किमान ५० टक्के आणि ट्रेडचं एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी (राष्ट्रीय किंवा राज्य व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचं) प्रमाणपत्र हवं. वेल्डर ट्रेडला आठवी पासवर प्रवेश मिळतो, म्हणून दहावी न केलेली मुलं इथे अडकतात. इंजिनिअरिंगचे पदवी-पदविकाधारक आणि आधी अप्रेंटिसशिप केलेले उमेदवार यात बसत नाहीत.

लेखी परीक्षा नाही. दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांच्या सरासरीवर यादी लागते. इथेच आपल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावरची टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांची असते. रेल्वे मात्र सगळे विषय धरते. समजा, सहा विषयांत मिळून २९० गुण आहेत आणि सर्वांत कमी विषयात ३५. गुणपत्रक ५१ टक्के दाखवेल, रेल्वेच्या हिशोबाने ते ४८.३३ होतील आणि तुम्ही अपात्र ठराल. अर्ज भरण्याआधी हा हिशोब कागदावर स्वतः करा. सरासरी सारखी आली तर वयाने मोठा उमेदवार वर जातो.

अर्ज फक्त ऑनलाइन. फोटो, सही, दहावीचं गुणपत्रक, आयटीआयचं एकत्रित गुणपत्रक आणि प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या कागदावर आहे तशीच टाका. जात प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतं, ओबीसींना नॉन क्रिमिलेअरही. तहसीलमधून राज्याचा नमुना घेऊन येणारे बरेच असतात, तेव्हा मागतानाच 'केंद्राचा' असं सांगा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी पाहा. कागदपत्र तपासणीला मूळ प्रती न्याव्या लागतात आणि सरकारी डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्रही.

प्रशिक्षण एक वर्षाचं, विद्यावेतनासह. ही नोकरी नाही, आणि रेल्वे नोकरीची हमीही देत नाही. मात्र कोर्स पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तरावरच्या पदांच्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. त्या भरतीची परीक्षा द्यावीच लागते. लेव्हल-१ मध्ये ट्रॅक मेंटेनरचं, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्याचं पदही येतं. रुळाचं काम मनापासून करायचं असेल तर ते पद टाळू नका, कारण सक्षमता प्रमाणपत्राच्या प्रशिक्षणाला रेल्वे आपल्या अभियांत्रिकी विभागातलीच माणसं पाठवते. त्यानंतर तुम्ही केलेल्या प्रत्येक जोडावर तुमचा वेल्डर कोड नोंदला जातो, आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) तपासणीत दोष निघाला तर तो कोणाच्या हातचा, हे त्यावरून कळतं.