हायवेला ऑइल पितेय म्हणजे इंजिन गेलं?

‘जुनी गाडी हायवेला ऑइल प्यायला लागली, की इंजिन उघडावंच लागतं,’ हा फॉरवर्ड जुनाच. दर वेळी तसं नसतं.

शहरातल्या छोट्या फेऱ्यांत थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, त्यामुळे पातळी फसवी, आहे त्याहून जास्त दिसते. लांब पल्ल्यात ते पेट्रोल उडून जातं, आणि ऑइल घटल्यासारखं वाटतं. शिवाय आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढलेले असले, की पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून आणि ब्रीदरवाटे (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी वाट) ऑइल जास्त जळतं.

सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पातळी बघा. ५०० किमीनंतर पुन्हा. (उतारावर बघून उगाच घाबरणारे बरेच, मीही त्यातलाच.) सकाळी स्टार्टला निळसर धूर आला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हपाशी ऑइल झिरपू न देणारं सील), अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आला तर रिंगांवर. सील बदलायला बहुधा अख्खं इंजिन खोलावं लागत नाही.