क्लोन की इमेज? विंडोज नव्या डिस्कवर नेताना

लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, बसवायची ठरली की लगेच प्रश्न येतो तो विंडोजचा. सगळं नव्यानं इन्स्टॉल करायची तयारी नसते, आणि त्याला सबळ कारणं असतात. डीटीपीचं काम करणाऱ्याच्या मशीनवर पेजमेकर असतं, श्रीलिपी असते, शेकडो फॉन्ट असतात, जुन्या प्रिंटरचा कुठून तरी मिळवलेला ड्रायव्हर असतो. त्यातल्या निम्म्या गोष्टींच्या सीडी आज सापडत नाहीत. अशा वेळी आहे ती यंत्रणा आहे तशी उचलून नेणं हेच शहाणपणाचं.

ती उचलण्याच्या दोन रीती आहेत, क्लोन आणि इमेज. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात, आणि दुकानातही एकासाठी दुसऱ्याचं नाव सर्रास घेतलं जातं. त्यामुळे लोक एक करतात आणि दुसरं झालंय या भरवशावर राहतात. तो भरवसा फोल होता हे कळतं डिस्क गेल्यावर. म्हणून फरक आधीच नीट समजून घ्यायला हवा.

त्याआधी तिसऱ्या रीतीबद्दल थोडंसं, कारण पहिल्यांदा सगळ्यांना तीच सुचते: सी ड्राइव्हमधलं सगळं निवडायचं आणि नव्या डिस्कवर पेस्ट करायचं. असं नेलेलं विंडोज सुरू होत नाही. एक तर चालू विंडोज आपल्या रजिस्ट्रीच्या, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीच्या, फाइल्स धरून बसलेलं असतं, त्या साध्या कॉपीत येत नाहीत. दुसरं, संगणक सुरू करणारा बूट लोडर सी ड्राइव्हमध्ये नसतोच. आजच्या यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) मशीनवर तो ईएफआय नावाच्या वेगळ्या, साधारण 100 एमबीच्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका भागात, असतो आणि फाइल एक्सप्लोररमध्ये ते पार्टिशन दिसत नाही. शिवाय विंडोज कोणत्या पार्टिशनमधून उचलायचं याची नोंद त्या पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने केलेली असते. डिस्क बदलली की क्रमांक बदलतो आणि नोंद निकामी होते.

क्लोन आणि इमेज या दोन्ही रीती ही अडचण सोडवतात. दोन्हींत ईएफआय, रिकव्हरी (विंडोजच्या दुरुस्तीसाठीचं) आणि सी अशी सगळी पार्टिशनं ओळख क्रमांकांसकट उचलली जातात. विंडोज चालू असतानाच काम करणारी सॉफ्टवेअर त्यासाठी विंडोजमधलीच व्हॉल्यूम शॅडो कॉपीची सोय वापरतात. तिच्यामुळे डिस्क त्या क्षणी जशी होती तशी वाचता येते, मग फाइल्स उघड्या असल्या तरी चालतं. इथपर्यंत दोघांत काही फरक नाही. फरक पडतो उचललेलं कुठे आणि कशा रूपात ठेवलं, यात.

क्लोनमध्ये एका डिस्कवरचं थेट दुसऱ्या डिस्कवर उतरतं. काम संपलं की ती दुसरी डिस्क मशीनमध्ये बसवायची आणि बटण दाबायचं. विंडोज त्याच वॉलपेपरसह उभं राहतं. मात्र त्या डिस्कवर आधी जे काही होतं ते पुसलं जातं.

इमेजमध्ये डिस्कवरचं सगळं एका मोठ्या फाइलमध्ये, किंवा फाइलींच्या संचात, दाबून भरलं जातं. ती फाइल एक्स्टर्नल डिस्कवर तुमच्या फोटोंच्या शेजारी राहू शकते. जूनची, दिवाळीची, मार्चची अशा तीन इमेज एकाच डिस्कवर नांदतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या इमेजनंतर फक्त बदललेला भाग साठवता येतो, आणि एखादीच हरवलेली फाइल हवी असेल तर इमेज ड्राइव्हसारखी उघडून तेवढीच काढून घेता येते. पण इमेज ठेवलेली डिस्क मशीनला लावून संगणक सुरू होणार नाही. त्या सॉफ्टवेअरचा बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवायचा, त्यावरून मशीन सुरू करायचं आणि इमेज नव्या डिस्कवर उतरवायची, इतकं झाल्याशिवाय विंडोज दिसत नाही. क्लोन हा शिजलेला भात, इमेज हे कणगीतलं धान्य. धान्य टिकतं, पण ऐन वेळी चूल हवी. तो पेन ड्राइव्ह आधी बनवून, त्यावरून मशीन खरंच सुरू होतं का हे पाहून ठेवलेला नसेल, तर इमेज असूनही माणूस अडकतो.

या दोन्हींची सरमिसळ जुनी आहे. 1995 साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये घोस्ट नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. 1998 मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं आणि पुढे नॉर्टन घोस्ट म्हणून ते जगभर पोचलं. त्याच्या मेनूमध्ये डिस्क टू डिस्क आणि डिस्क टू इमेज असे दोन पर्याय एकाखाली एक होते. कॉलेजच्या लॅबमध्ये एक संगणक तयार करायचा, त्याची इमेज घ्यायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची ही पद्धत त्यातून रुळली. काम कोणतंही केलं तरी लोक घोस्टचंच नाव घेत, आणि दोन पर्यायांतली सीमा तेव्हाच पुसट झाली.

क्लोन करणाऱ्याला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: क्लोन हा बॅकअप नाही. क्लोन झाल्याच्या क्षणी दोन डिस्क सारख्या असतात, दुसऱ्या दिवशी नसतात. जुनी डिस्क कपाटात ठेवून वर्षभर निर्धास्त राहणाऱ्याकडे वर्षापूर्वीचं एक चित्र असतं, तेवढंच. ताजं करायचं तर सहसा पुन्हा सगळा क्लोन करायचा आणि आधीचा घालवायचा. म्हणजे चुकून डिलीट झालेली फाइल नव्या क्लोनमध्ये नसते आणि जुना क्लोन तर पुसून झालेला असतो. इमेजच्या रांगेत मागे जाता येतं. क्लोनला मागचा दिवस नसतो.

आता क्लोनमध्येच भोवणाऱ्या काही गोष्टी. पहिली, क्लोन केलेल्या दोन्ही डिस्कची ओळख, म्हणजे डिस्क सिग्नेचर, सारखी असू शकते. दोन्ही एकाच वेळी जोडल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवतं. कोणी तिला हातानं ऑनलाइन केलं तर विंडोज तिची सिग्नेचर बदलतं, आणि एमबीआर या पार्टिशन नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर त्यानंतर बूटची नोंद जुळत नाही. म्हणून क्लोन झाल्यावर मशीन बंद करून जुनी डिस्क काढायची आणि पहिल्यांदा फक्त नवीवरून सुरू करायचं. डेस्कटॉपवाले इथे फसतात. दोन्ही डिस्क आतच राहतात, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बूटचा क्रम बदललेला नसतो, आणि एसएसडी बसवूनही मशीन मंद का, असं विचारत माणूस जुन्याच डिस्कवर काम करत राहतो. इमेज ही साधी फाइल असल्यामुळे ती कितीही काळ जोडून ठेवली तरी हा गोंधळ होत नाही.

दुसरी, मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे उलटं निवडलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर क्लोन होते. याला इलाज नाही. कंपनीचं नाव आणि आकार दोन्ही वाचा. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, 480 जीबीची एसएसडी 447.

आकाराचा मुद्दा दोन्ही रीतींना लागू आहे, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. 1 टीबीच्या डिस्कवर 180 जीबीच भरलेलं असेल तर 480 जीबीच्या एसएसडीवर ते मावायला हवं. वापरात असलेलेच भाग उचलणारी आणि पार्टिशन आकसणारी सॉफ्टवेअर हे करतात. तैवानमधून आलेलं मोफत क्लोनझिला वापरातलेच भाग उचलतं खरं, पण मूळ सेटिंगमध्ये नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठीच मागतं. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज 7)’ या नावाखाली सिस्टम इमेजची सोय आहे, तीही लहान डिस्कवर इमेज उतरवू देत नाही. लहान एसएसडीवर जाणाऱ्याने तिच्या भरवशावर जुनी डिस्क पुसू नये.

मोठ्या डिस्कवर जाताना अडचण वेगळी. सीच्या लगेच मागे रिकव्हरी पार्टिशन असतं, आणि नवी वाढीव जागा त्याच्याही पलीकडे पडते. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं दिसतं, म्हणजे निवडता येत नाही. क्लोन सुरू करण्याआधीच पार्टिशनचे आकार बदलायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती तिथेच वापरावी.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू असेल तर जरा थांबा. अनेक नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. आधी 48 आकडी रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून घ्या. डिस्क बदलल्यावर मशीन ती मागू शकतं. विंडोज चालू असताना घेतलेला क्लोन किंवा इमेज कुलूप उघडलेली असते. क्लोनवर नंतर बिटलॉकर पुन्हा चालू करता येतं. पण तशी इमेज ज्याच्या हाती ती एक्स्टर्नल डिस्क पडेल त्याला सरळ वाचता येते, तेव्हा इमेज घेतानाच तिला पासवर्ड लावा. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि त्या फाइलमध्ये बँकेची कागदपत्रं, आधारच्या प्रती, सगळं असतं.

डिस्क आजारी असेल, घरघर करत असेल किंवा फाइल उघडताना अडकत असेल, तर माझा कौल स्पष्टपणे इमेजला आहे, तीही साध्या सॉफ्टवेअरने घेतलेली नाही. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू आधी नीट वाचता येणारे भाग उचलून घेतं, बिघडलेल्या भागांकडे नंतर वळतं आणि कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवतं. निघालेल्या इमेजची आणखी एक प्रत काढून तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करता येतात. मरणाऱ्या डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही.

डिस्क धडधाकट असेल आणि काम फक्त हलवण्याचं असेल तर क्लोनच करा. तो एका फेरीत होतो, इमेजला आधी लिहिणं आणि मग उतरवणं अशा दोन फेऱ्या लागतात. त्यासाठी दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडता यायला हव्यात. पातळ लॅपटॉपमध्ये एम.2 ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची, एकच जागा असते, तेव्हा नवी एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत, घालावी लागते. एम.2 चा आकार सारखा असला तरी साटा आणि एनव्हीएमई हे जोडणीचे प्रकार वेगळे; एन्क्लोजर आपल्या एसएसडीला चालणारं आहे ना, ते घेतानाच विचारा. क्लोन झाल्यावर यूएसबीवरूनच बूट करून पाहू नका, विंडोज तसं सहसा चालत नाही. एसएसडी आत बसवूनच पाहा. एन्क्लोजर मिळत नसेल पण एक्स्टर्नल डिस्क घरात असेल, तर इमेजच्या वाटेनेही त्याच ठिकाणी पोचता येतं.

नवी एसएसडी सुरळीत चालू लागली तरी जुनी डिस्क दोन-तीन आठवडे पुसू नका. एखादा प्रोग्रॅम डिस्क बदलल्यामुळे लायसन्स पुन्हा मागतो, एखादा फोल्डर राहिलेला असतो, ते याच काळात लक्षात येतं. मग ती डिस्क निरोगी असेल तर एन्क्लोजरमध्ये घालून फॉरमॅट करा. एफएटी32 हा फॉरमॅट नको, तिथे 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, एनटीएफएस निवडा. आणि नव्या विंडोजची पहिली इमेज तिच्यावरच घ्या.