घोड्याचं वाहतं नाक: शेंब्याची भीती आणि मागं राहिलेली सिस्ट

एका नाकपुडीतनं घाण येणारा घोडा दिसला की तबेल्यात पहिलं नाव निघतं ते शेंब्याचं, म्हणजे ग्लँडर्स या जंतूच्या रोगाचं. सायनसमधली (नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीतली) सिस्ट, म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, किडलेली दाढ, एथमॉइडजवळची (नाकाच्या आत मागं, मेंदूलगतच्या हाडाजवळची) रक्ताची गाठ ही नावं फार नंतर येतात. हा क्रम असा का पडला ते बघायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं नको. १५१० नंतर पोर्तुगीजांनी होर्मुझचे घोडे गोव्यात उतरवून विजयनगर आणि विजापूरला विकले, ते सगळ्यांनी शाळेत वाचलंय. लांबच्या प्रवासात डोकं वर बांधून ठेवलं की कफ बाहेर पडत नाही आणि मग छाती धरते, हे मात्र आज ट्रकमधनं घोडे नेणारेही विसरतात.

खरी गोष्ट १८८२ पासनं सुरू होते, जर्मनीत शेंब्याचा जंतू सापडला तेव्हा. १८९० च्या आसपास रशियात त्याच जंतूपासनं मॅलिन नावाचा अर्क तयार झाला. पापणीत टोचायचं आणि डोळा सुजून पू आला की घोडा रोगी, इतकी साधी टेस्ट. ब्रिटिशांना घोडा म्हणजे फौज, त्यामुळे १८९९ मध्ये त्यांनी ग्लँडर्सचा वेगळा कायदाच केला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे, त्यामुळे तो कायदा इथला, गोव्यातला नव्हे. पण घाटावर जो शिरस्ता पडला तोच पुढं इथं आला: रोगी घोडा ठेवायचा नाही.

गाड्या आल्या, फौजेतले घोडे कमी झाले, आणि शेंबा बहुतेकांच्या डोक्यातनं गेला. मग २००६ मध्ये महाराष्ट्रात, पुणे-पाचगणी भागात तो परत निघाला. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या नव्या कायद्यात १८९९ चा कायदा विरला पण गाभा तोच राहिला, पॉझिटिव्ह आला तर घोडा मारायचा, औषध करायचं नाही.

वाद इथंच आहे आणि तो अजून मिटलेला नाही. सरकारी बाजू बघायला गेलं तर चुकीची नाही, हा रोग माणसाला होतो, लस नाही, अँटिबायोटिक महिनोन्महिने द्यावं लागतं आणि वरनं बरा दिसणारा घोडा आतनं जंतू बाळगून असू शकतो. मालकांचं म्हणणं असं की घोडा खातोय पितोय, वरातीत नाचतोय, आणि हिसारच्या सरकारी प्रयोगशाळेतनं आलेल्या एका कागदावर त्याला मारायचा? सीएफटी या रक्ताच्या जुन्या तपासणीत खोटे पॉझिटिव्ह यायचे हे खरंच आहे, म्हणून आता आधी एलायझा ही रक्ताचीच दुसरी तपासणी आणि मग खात्रीला सीएफटी असं करतात. भरपाई घोड्यामागं २५,००० रुपये. एवढ्यात वरातीचा शिकवलेला घोडा कुठं मिळतो ते कुणीतरी सांगावं! माझ्या मते मारायचा नियम बरोबर, भरपाई चूक. आणि या चुकीचा मार शेंबा नसलेल्या घोड्यांनाही बसतो, कारण नाक वाहायला लागलं की मालक डॉक्टरला बोलवायच्या ऐवजी घोडा लपवतो, धुरी देतो, आणि सिस्ट तोपर्यंत आतल्या आत वाढत राहते.

घोटाळा होतो कारण शेंबाही एका नाकपुडीतनं वाहू शकतो. पण शेंब्यात नाकाच्या पडद्यावर व्रण पडतात, ते भरले की चांदणीसारखे वण राहतात आणि जबड्याखालची गाठ घट्ट चिकटते. सिस्टमध्ये व्रण नसतात, तोंड एका बाजूनं फुगतं, त्या नाकपुडीतनं हवा कमी येते, वास बहुतेक नसतो. घाण वास आला तर वरच्या मागच्या दाढा बघायच्या, त्यांची मुळं सायनसमध्येच असतात. दोन्ही नाकपुड्या वाहताहेत आणि खोकलाही आहे तर आधी गवत बघा, आपल्याकडं पावसाळ्यात गवताला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

जुना उपाय म्हणजे हाडाला भोक पाडून सायनस धुवायचा. पू असेल तर ठीक, पण सिस्टमधलं पिवळं पाणी निघून गेलं तरी तिची पिशवी आतच राहते आणि परत भरते. १९७० नंतर लवचिक स्कोप, म्हणजे आतलं दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या नळ्या, आले तेव्हा नाकात शिरून बघता यायला लागलं. सिस्ट मात्र सायनसच्या आत असल्यामुळं स्कोपला पुष्कळदा फक्त दबलेली वाट दिसते, मग घोडा उभा ठेवून आडवा एक्सरे काढायचा, पाण्याची रेघ त्यातच दिसते. पुढं हाडाची झडप उघडून अख्खी पिशवी काढायची पद्धत रुळली. आधी ते पूर्ण भूल देऊन करायचे आणि रक्त खूप जायचं. आता गुंगीचं इंजेक्शन आणि जागा बधिर करून उभ्या घोड्यावरच करतात. पिशवी पूर्ण निघाली तर बहुतेक घोडे बरे होतात, फुगलेलं तोंडही काही महिन्यांत बसतं.

एथमॉइडची गाठ तेवढी सोपी नाही, ती परत परत येते. तिच्यात स्कोपमधनं फॉर्मलिन टोचतात, स्वस्त पडतं, पण मेंदूकडचं पातळ हाड गाठीनं खाल्लेलं असलं तर ते औषध मेंदूपर्यंत जाऊन घोडा दगावू शकतो, म्हणून आधी सीटी स्कॅन करा असं सांगतात. पण घोड्याचं डोकं मावेल असं मशीन असलेल्या ठिकाणी घोडा न्यायचा म्हणजे परत ट्रक आणि परत खर्च. आणि हे सगळं करायच्या आधी शेंब्याचं रक्त तपासून घ्यायचं, कारण स्कोप धरणाऱ्याचं तोंड त्या नाकपुडीसमोरच असतं.