कडक प्रशिक्षक (विनोदी पात्र)

विनोदी अ‍ॅनिमेशन मालिकांत एखाद-दुसऱ्या प्रसंगापुरते येणारे आणि शिस्तीच्या अतिरेकातून हशा पिकवणारे दुय्यम पात्र. बहुतेकदा हा जिम्नॅस्टिक्सचा कोच असतो: धिप्पाड देह, भरगच्च मिशी, बोलण्यात परदेशी हेल. ‘द सिम्पसन्स’मधला लुगाश हा ठळक नमुना. २००२ सालच्या एका भागात शाळेच्या व्यायामात मागे पडलेली लिसा त्याच्याकडे शिकायला जाते. पण गोष्ट पुढे तिला तिथे भेटलेल्या कॉलेजच्या मुलींकडे वळते. कोच आपला ओरडण्यापुरता.

या साच्यामागे शीतयुद्धाच्या काळातली पूर्व युरोपीय व्यायामशाळा आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला पैकीच्या पैकी १० गुण मिळाले आणि तिचे मिशाळ प्रशिक्षक बेला कारोली जगाला माहीत झाले. १९८१ मध्ये ते अमेरिकेत गेले. पुढे त्यांच्या काही माजी खेळाडूंनी छळाच्या तक्रारी केल्या, त्यामुळे हा विनोद वाटतो तितका निरागस नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी प्रेक्षकाला हे पात्र पाहून तालमीचा वस्तादच आठवावा. दरारा तोच, पण वस्तादाच्या कडकपणाला कारणे असतात. नवा पोरगा आला की त्याच्या हाती आधी फावडे येते. कुस्तीचा हौद, म्हणजे मातीचा आखाडा, रोज उकरावा लागतो, नाहीतर माती बसते आणि पाठीवर आदळलेल्याचे हाड सांभाळत नाही. त्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवलेले असते. तिच्यात चप्पल घालून पाय टाकणाऱ्याला वस्ताद काय ऐकवतील, ते इथे छापण्याजोगे नाही. मग जोर-बैठका; ढाक आणि धोबीपछाड हे डाव फार पुढे. “दम नाही छातीत अन् डाव पायजे व्हय रे?” अशी त्यांची भाषा. पोरांनी मात्र “व्हय वस्ताद” एवढेच म्हणायचे, मग घरची बोली मराठी असो की कन्नड.

मल्लखांबावर तर ढिलाई परवडतच नाही. पुरलेल्या लाकडी खांबाला एरंडेल चोळलेले असते आणि मांडीची पकड सुटली की डोके खाली. त्यामुळे खाली उभ्या वस्तादांची नजर पोराच्या चेहऱ्यावर नसते, पायांच्या अढीवर असते. या कलेचा उल्लेख कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात सापडतो. ते कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, म्हणजे हाही सीमाभागच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवी उभारी दिली.

व्यंगचित्रातल्या कोचला मैदानाबाहेर आयुष्यच नसते, आणि लेखकांनी मुद्दाम ठेवलेली ही उणीव विनोदाला सोयीची आहे. वस्तादाचे काम मेहनत संपल्यावरही चालू राहते: कोणाचा खुराक कमी पडतो, कोणाच्या घरी दुभते जनावर नाही, जत्रेच्या फडात कोणाची जोड कोणाशी लावायची. चांगला निघालेला पोरगा कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत धाडायचा तर घरच्यांची समजूतही बहुधा त्यांनाच घालावी लागते.