नोकरी सोडली म्हणून दोन वर्षं घरी बसावं लागत नाही

रत्नागिरी-चिपळूणकडच्या गुंतवणूक सल्लागारांत एक समज घट्ट रुजलाय: नोकरीच्या करारावर सही केली, आता राजीनाम्यानंतर दोन वर्षं जिल्ह्यात हे काम बंद. हे खरं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी रद्दबातल आहे. कराराच्या मुदतीतली बंदी मात्र टिकू शकते. कल्याणच्या कारखान्यातला पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर ती सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये कायम ठेवली. घर चालवणाऱ्या पोरांना नोटिशीने घाबरवणं मला अन्यायाचं वाटतं.

पण म्हणून ग्राहकांची फाइल पेनड्राइव्हवर घालून निघू नका. देवगडचे आंबा बागायतदार तुम्हाला नावानिशी ओळखतात. ते आपणहून आले तर काम घ्या. त्यांचे पॅन, फोलिओ क्रमांक (म्युच्युअल फंडातला खाते क्रमांक), कुणाच्या ठेवीची मुदत कधी संपते, ही ऑफिसात जमवलेली माहिती मात्र गोपनीय. ती वापरली तर न्यायालय मनाई हुकूम देऊ शकतं, नुकसानभरपाईही मागितली जाते. नोटीस आलीच तर उत्तर पाठवण्याआधी करारपत्र घेऊन वकील गाठा.